वाण, गुण आणि गणित : लाल कंधारी, देवणी आणि एक इवलासा झिंगा

‘ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण तुम्ही वाक्यात उपयोग करण्यासाठी कधी ना कधी पाठ केली असेल. म्हण माणसांच्या संगतीविषयी आहे हे खरे, पण ती रचणारा शेतकरी निरीक्षणात पक्का असला पाहिजे. वाण म्हणजे रंग. एका दावणीला बांधल्याने बैलाची खोड दुसऱ्या बैलाला लागेल, रंग मात्र लागणार नाही. रंग येतो तो आईबापांकडून. गंमत अशी की ‘वाण’ या शब्दाचा दुसरा अर्थ जात असाही आहे. ज्वारीचा वाण, कापसाचा वाण असे आपण रोज म्हणतो. रंग आणि जात या दोन गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधल्या. त्या खरोखरच एक आहेत काय, हा प्रश्न नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गोठ्यांत उभे राहून विचारण्यासारखा आहे.

कारण या दोन जिल्ह्यांत गाईबैलांच्या दोन नामांकित जाती आहेत आणि दोन्ही रंगावरून ओळखल्या जातात. पहिली लाल कंधारी. नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा, मुखेड, बिलोली हा तिचा मुलूख, आणि लातूरच्या अहमदपूरकडेही ती पसरलेली आहे. तिला लाखलबुंदा असेही म्हणतात. सर्वांगाला एकच गडद लाल रंग, डोळ्यांभोवती काळी कडी, लांब लोंबते कान आणि मध्यम बांधा. दुसरी देवणी. लातूर जिल्ह्यातील देवणी या गावावरून तिला हे नाव मिळाले. उदगीर, देवणी आणि सीमेपलीकडचा बीदर हा तिचा प्रदेश. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या मिश्रणातून ती घडली असे मानले जाते, आणि तिचे रुंद, फुगीर कपाळ पाहिले की गीरची आठवण होतेच. देवणीत रंगावरून तीन पोटभेद करतात. वानेरा अंगाने पांढरा, पण तोंडाचा काही भाग काळा, म्हणजे वानराची आठवण करून देणारा. बालंक्या वरून पांढरा आणि अंगाच्या खालच्या बाजूस काळे ठिपके असलेला. शेवेरा म्हणजे काळ्या-पांढऱ्या वेड्यावाकड्या डागांचा, आपण ज्याला बांडा म्हणू तसा.

कंधार ते देवणी हे अंतर शंभर किलोमीटरही नाही. पाऊस सारखा, ऊन सारखे, कडबाही सारखाच. तरी एकीकडे सगळे लाल आणि दुसरीकडे पांढऱ्यावर काळे! हवापाण्याने हा फरक पडलेला नाही हे उघड आहे. तो पडला आहे माणसाच्या डोळ्याने.

कंधारच्या सोमदेवराय नावाच्या राजाने या लाल जनावरांना आश्रय दिला अशी परंपरा सांगतात, आणि तिचा काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत मागे नेतात. परंपरा तशीच राहू द्या. राजा असो वा नसो, काम केले ते पिढ्यान् पिढ्यांच्या गोपालकांनी. गोऱ्हे मोठे झाले की त्यातला एखादा वळू म्हणून राखायचा आणि बाकीच्यांचे खच्चीकरण करून बैल करायचे, ही आपल्याकडची रीत. राखायचा कोणता? जो मजबूत, जो शांत आणि जो ‘आपल्या’ रंगाचा. डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाची सुरुवात दूरच्या बेटांपासून केली नाही. त्याने ती पाळीव जनावरांपासून आणि कबुतरांपासून केली, त्याचे कारण हेच. नवी जात घडवावी असा कुणाचा बेत नसतानाही, दरवेळी आवडते तेवढे ठेवत गेल्याने जात घडते, हे त्याला दाखवायचे होते. लाल कंधारी हे त्याचे आपल्या दारातले उदाहरण आहे.

रंग कुठून येतो?

गाईच्या केसात मेलॅनिन नावाचे रंजकद्रव्य असते. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक काळे-तपकिरी, दुसरे लालसर-पिवळसर. दोन्ही टायरोसीन या एकाच अमिनो आम्लापासून त्वचेतील रंगपेशी तयार करतात. काळे किती आणि लाल किती बनवायचे याचा हुकूम जनुके देतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. दोन्हींचे हुकूम वेगळे असले तर बहुधा एकाची सरशी होते. त्याला प्रभावी जनुक म्हणतात. दबून राहणारे ते अप्रभावी. हे सारे मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ मध्ये छापले होते, हे तुम्हांला ठाऊक आहे.

होल्स्टीन-फ्रिजियन या काळ्या-पांढऱ्या विदेशी जातीत काळा रंग प्रभावी आणि लाल अप्रभावी असतो. म्हणून दोन काळ्या-पांढऱ्या आईबापांच्या पोटी एखादे लाल-पांढरे वासरू जन्मते. अमेरिकेत अशा वासरांना अनेक दशके जातिवंतांच्या नोंदवहीत जागा नव्हती. जन्मली की त्यांना कळपातून काढून टाकीत. तरीही ती जन्मत राहिली. शेवटी १९७० च्या सुमारास लाल वासरांनाही नोंदवहीत घ्यावे लागले. इतकी वर्षे निवड करूनही लाल रंग गेला का नाही? याचे उत्तर गणितात आहे, आणि ते लाल कंधारीलाही लागू पडते, फक्त तिथे नकोसा रंग वेगळा.

शंभरात एक वासरू

समजा, एका मोठ्या कळपात शंभरात एक वासरू नकोशा रंगाचे जन्मते आणि तो रंग एका अप्रभावी जनुकामुळे येतो. वासराला दोन्ही प्रती नकोशा मिळाल्या तरच रंग दिसतो. दोन प्रती मिळण्याची शक्यता शंभरात एक, म्हणजे एक प्रत मिळण्याची शक्यता दहात एक, कारण दशांश गुणिले दशांश बरोबर शतांश. आता एक प्रत चांगली आणि एक नकोशी अशी जनावरे किती? २ × ०.९ × ०.१ = ०.१८. म्हणजे शंभरात अठरा! ही अठरा जनावरे दिसायला अगदी जातिवंत. प्रदर्शनात त्यांना बक्षीसही मिळेल. पण त्यांच्या पोटात तो रंग लपलेला आहे. दोषी दिसते एक आणि लपलेले अठरा. हा हिशेब इंग्रज गणिती हार्डी आणि जर्मन वैद्य वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडला.

आता कठोर निवड करू. नकोशा रंगाचे एकही वासरू पुढे पैदाशीला ठेवायचे नाही. दर पिढीत काय होईल? नकोशा प्रतीचे सुरुवातीचे प्रमाण q मानले, तर n पिढ्यांनंतर ते q ÷ (१ + nq) इतके उरते. आपल्या उदाहरणात q दशांश आहे. दहा पिढ्यांनंतर भागाकाराचा खालचा भाग २ होतो, म्हणजे प्रमाण निम्मे, ०.०५. तेव्हा चारशेंत एक वासरू नकोशा रंगाचे जन्मेल. आणखी निम्मे करायचे, तर अजून वीस पिढ्या लागतील. जितके कमी, तितके काढणे अवघड. कारण उरलेली जवळजवळ सगळी नकोशी जनुके लपलेल्यांमध्ये असतात, आणि लपलेल्यांना आपण हातच लावत नाही.

गाईची एक पिढी म्हणजे किती वर्षे? आपल्या देशी गाई पहिल्यांदा वितात त्या साधारण चार वर्षांच्या झाल्यावर. गर्भकाळ नऊ महिन्यांहून थोडा अधिक आणि वासरू एकच. पिढी पाच वर्षांची धरली, तर दहा पिढ्यांना पन्नास वर्षे होतात. पणजोबाने सुरू केलेले काम पणतूच्या हाती येईल तेव्हा शंभरात एकाचे चारशेंत एक झालेले असेल. लाल कंधारीचा तो एकजात लाल रंग किती पिढ्यांच्या चिकाटीने आला असेल, याचा अंदाज यावरून करावा.

तीन महिन्यांची पिढी

हेच काम जलद झालेले पाहायचे असेल तर काचेच्या टाकीत डोकवावे लागेल. गेल्या काही दशकांत शोभेच्या माशांबरोबर गोड्या पाण्यातले शोभेचे झिंगेही लोक पाळू लागले आहेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे चेरी झिंगा, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळचा चीन-तैवानकडचा हा प्राणी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब. रानातला चेरी झिंगा मुळीच लाल नसतो. तो मातकट, हिरवट आणि बराचसा पारदर्शक असतो. नदीत लाल दिसणे म्हणजे माशाला आमंत्रण. एखादे पिल्लू चुकून लालसर निघाले, तर तेच आधी खाल्ले जाणार. टाकीत मासा नाही, आहे तो माणूस, आणि त्याला लालच हवे. निवड करणारा डोळा बदलला आणि निवडीची दिशा नेमकी उलटली.

मादी पोटाखाली एका वेळी वीस-तीस अंडी बाळगते. महिन्याभरात पिल्ले बाहेर पडतात आणि आणखी दोन-तीन महिन्यांत तीच प्रजननक्षम होतात. गाईला ज्या दहा पिढ्यांना पन्नास वर्षे लागतात, त्या झिंग्याला तीन-चार वर्षांत उरकतात. म्हणूनच एका माणसाच्या हयातीत फिकट ठिपकेदार झिंग्यापासून गडद लाल, पिवळे, निळे, काळे असे किती तरी प्रकार तयार झाले.

पण इथे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. एकाच टाकीत निळे आणि पिवळे झिंगे सोडले, की त्यांची पिल्ले हिरवी होतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बरीच पिल्ले मातकट, रानातल्या पूर्वजासारखी निघतात. रंग मिसळले कसे नाहीत? दोन्ही रंग वेगवेगळ्या जनुकांतील बिघाडांमुळे आलेले असतील, तर पिल्लाला एका जनुकाची धड प्रत आईकडून मिळते आणि दुसऱ्याची बापाकडून. दोन्ही बिघाड झाकले जातात आणि मूळ रंग परत येतो. एका सायकलचे पुढचे चाक मोडलेले, दुसरीचे मागचे. दोन्हींतली धड चाके घेतली की एक चालू सायकल तयार होते, तसेच हे. आनुवंशिकता म्हणजे रंगाच्या डब्यांचे मिश्रण नव्हे, हे टाकीतल्या त्या मातकट पिल्लाने जितके स्पष्ट होते, तितके फळ्यावर आकृती काढूनही होत नाही.

झिंग्याचा आणि गाईचा रंग यांत एक मोठा फरक आहे. झिंग्याचा लाल रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड जातीच्या द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये प्राणी स्वतः बनवू शकत नाहीत. ती शेवाळासारख्या अन्नातून मिळवावी लागतात. शिवाय झिंग्याच्या रंगपेशी पसरतात आणि आकसतात, त्यामुळे काळ्या वाळूवर तोच झिंगा गडद दिसतो व पांढऱ्यावर फिका. दुकानातला रंग घरी आल्यावर उतरतो, तो पुष्कळदा यामुळे. बैलबाजारात तेल चोळून चकाकणारा बैल आणि काळ्या वाळूवरचा झिंगा, दोन्हींबाबत गिऱ्हाइकाने सारखेच सावध राहावे!

गाईचा रंगही अगदी अढळ नसतो. लाल कंधारीत वळू सहसा गाईपेक्षा गडद असतो. खिलार वासराच्या माथ्यावर जन्मतः तांबूस छटा असते, ती काही महिन्यांत जाते. खुराकात तांबे कमी पडले, तर मेलॅनिन बनवणारे विकर नीट काम करीत नाही आणि केसांचा रंग विटतो, कारण त्या विकराला तांबे लागते. म्हणजे समोरचे फिके जनावर जनुकांनी फिके आहे की चाऱ्याने, हे नुसते पाहून कळत नाही. चाऱ्याने फिके झालेले जनावर पैदाशीतून काढून टाकणारा नुकसान करून घेतो, आणि मिळवत काहीच नाही.

डागांचे काय?

लाल कंधारीसारखा एकसारखा रंग निवडीने पक्का करता येतो. देवणीच्या शेवेऱ्याचे डाग मात्र हुबेहूब कुणालाच पक्के करता येणार नाहीत. कारण भ्रूणात सापडते. रंगपेशींच्या पूर्वज पेशी पाठीच्या कण्याच्या रेषेजवळ जन्मतात आणि तेथून अंगभर प्रवास करीत पसरतात. जिथे त्या पोचत नाहीत तिथले केस पांढरे राहतात. अंग किती पांढरे राहील याचा साधारण हुकूम जनुकांचा असतो, पण कोणती पेशी नेमकी कुठवर पोचेल यात योगायोगाचा वाटा असतो. म्हणून एकाच गाईपासून क्लोन करून बनवलेल्या वासरांची जनुके तीच असली, तरी त्यांच्या अंगावरचे डाग जुळत नाहीत. दोन शेवेरे एकसारखे सापडणे म्हणजे बोटांचे ठसे जुळण्यासारखे आहे. तेव्हा डाग अमुक ठिकाणीच हवा असा हट्ट धरून देवणीचा वळू निवडणे म्हणजे नाणेफेकीतला छापा वारशाने मिळेल अशी आशा करणे होय. तोंड किती काळे, अंग किती पांढरे एवढेच पाहावे आणि बाकी लक्ष कासेकडे, खुरांकडे, चालीकडे द्यावे.

रंगाचा काही उपयोगही असतो काय? सूर्याच्या उष्णतेपैकी साधारण निम्मी आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते, पण दृश्य प्रकाशापुरते बोलायचे तर पांढरा केस तो परतवतो आणि गडद केस शोषतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात हा फरक लहान नाही. मग लाल जनावर उन्हात टिकते कसे? झेबू वंशाच्या आपल्या जनावरांचे केस आखूड व गुळगुळीत, कातडी सैल आणि घाम गाळण्याची ताकद चांगली असते. उष्णता सोसण्यात रंग हा अनेक घटकांपैकी एक आहे. शेकडो वर्षे लाल बैलांनी काळ्या रानात औत ओढले, याहून मोठा प्रयोग कोण करणार?

एक वळू, शंभर गाई

आता मुख्य धोक्याकडे येऊ. रंग हवा तसाच हवा म्हणून गावोगावचे वळू नापसंत करीत गेले, की शेवटी थोडेच उरतात. समजा, शंभर गाईंना एकच वळू आहे. कळप एकशे एक जनावरांचा दिसतो. पण पुढच्या पिढीच्या जनुकांपैकी निम्मी त्या एकट्याची. सूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये अशा कळपाची ‘परिणामी संख्या’ काढण्याचे सूत्र दिले. चार गुणिले नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, आणि त्याला भागिले दोन्हींची बेरीज. एक वळू आणि शंभर गाईंसाठी ४०० भागिले १०१, म्हणजे जेमतेम चार! दिसायला शंभरावर, पण रक्तसंबंधांच्या दृष्टीने चार जनावरांचा कळप. वळू चार केले तर हीच संख्या पंधरावर जाते.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून मला हे सूत्र पाहताच समांतर जोडलेले रोध आठवतात. एक ओहमचा आणि शंभर ओहमचा रोध समांतर जोडले, तर एकूण रोध एका ओहमपेक्षाही कमी येतो. लहान रोधच सारे ठरवतो. कळपात ज्या बाजूची संख्या लहान, तीच बाजू सारे ठरवते. गाई दोनशे केल्या तरी उत्तर चारच्या पुढे जात नाही. दहावीच्या मुलांनी करून पाहावे.

जवळच्या नात्यात पैदास झाली की लपलेली नकोशी जनुके जोडीने एकत्र येऊ लागतात. नुसत्या रंगाची नव्हे, तर अशक्तपणाची, वांझपणाचीही. झिंग्यांच्या दुनियेत याचा धडा मिळालेला आहे. १९९० च्या दशकात हिसायासू सुझुकी या जपानी पैदासकाराला काळ्या-पांढऱ्या झिंग्यांत लाल-पांढरे पिल्लू सापडले. लाल रंग अप्रभावी असल्याने त्याच घराण्यात पुन्हापुन्हा जुळणी करून तो टिकवावा लागला. झिंगा देखणा झाला, जगभर गेला, पण नाजूक म्हणून ख्यातही झाला. पाण्यातल्या लहानशा बदलाने तो दगावतो. झिंगा दगावला तर टाकी रिकामी होते. लाल कंधारी आणि देवणी यांची गोष्ट वेगळी आहे. ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले. लाल कंधारीचे दूध एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास, देवणीचे त्याहून जास्त, पण संकरित गाईच्या मानाने दोन्ही कमीच. त्यामुळे शेतकरी जर्सी आणि होल्स्टीनकडे वळला, आणि त्याला दोष देता येणार नाही. आधीच आटलेल्या कळपातून रंगासाठी आणखी छाटणी परवडेल काय, हा प्रश्न आज खरा आहे. माझ्या मते कपाळावर लहानसा चांद असलेली, पण दरवर्षी विणारी निरोगी लाल कंधारी कालवड ही निर्दोष रंगाच्या पण भाकड राहणाऱ्या कालवडीपेक्षा जातीच्या जास्त उपयोगाची आहे. प्रदर्शनाच्या पंचांना हे पटेलच असे नाही.

लपलेले जनुक ओळखण्याचे मार्ग आहेत. वळूची परीक्षा घ्यायची तर त्याची जुळणी नकोशा रंगाच्या गाईंशी करावी. तो लपवणारा असेल तर प्रत्येक वासराला रंग येण्याची शक्यता निम्मी. सलग सात वासरे चांगल्या रंगाची निघाली, तर लपवणाऱ्या वळूकडून असे घडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. कृत्रिम रेतनात हे महत्त्वाचे ठरते, कारण उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवलेल्या कांड्यांतून एकाच वळूची वासरे शेकडो गावांत जन्मतात. वळू चांगला निवडला तर लाभ शेकडो गावांचा, आणि चुकला तर तोटाही तितक्यांचा. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने या दोन्ही जातींची नोंद केलेली आहे. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे. गाय आणि झिंगा दोन्हींची चौकशी एकाच गावात करता येईल.

तुम्हांला करता येण्यासारखे

शंभर चिंचोके घ्या. दहांवर खडूने ठिपका द्या. ठिपका म्हणजे नकोसे जनुक. पिशवीत घालून हलवा, न पाहता दोन काढा, नोंद करा, परत टाका. असे शंभर वेळा करा. दोन्ही ठिपक्यांचे सुमारे एकदा आणि एक ठिपक्याचे सुमारे अठरा वेळा येईल. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, आणि तसेच यायला हवेत. वर्गातल्या सर्वांचे आकडे एकत्र केले की ते अपेक्षेच्या जवळ सरकतात.

दुसरे काम वर्षभराचे आहे. गावातल्या देशी गाईंची एक वही घाला. गाईचा रंग, माहीत असल्यास वळूचा रंग किंवा रेतनाच्या कांडीवरचा क्रमांक आणि वासराचा रंग लिहा. वासराचा रंग दोनदा नोंदवा, जन्मल्यावर आणि सहा महिन्यांनी. नर की मादी तेही लिहा, कारण गडदपणा त्यावर अवलंबून असतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात जाणे झाले, तर ही वही बरोबर घ्या. मालकाला किंमत विचारू नका, आधी जनावराच्या आईचा रंग विचारा. बहुतेकांना तो सांगता येतो, आणि पुष्कळांना आजीचाही.